वीस हजार पाखरं

बेटावर येऊन अकरा दिवस झाले होते आणि तिच्या मोजणीत पंधरा हजार पक्षी कमी भरत होते.

चूक आपलीच असणार, असं ती धरून चालली. नवरा एकोणीस वर्षं या बेटावर येऊन पक्षी मोजत होता. तिला येऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. तिने चष्मा पदराला पुसला, लॅपटॉपवरचा फोटो पुन्हा मोठा केला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक पक्षी, एक लाल ठिपका. आडव्या ओळीने जायचं, ओळ संपली की खालच्या ओळीवर यायचं. मध्ये कुणी बोललं तर ओळ पहिल्यापासून.

ही तिची छापखान्यातली सवय. अठ्ठावीस वर्षं तिने मुद्रितं तपासली होती. शब्दकोश, पाठ्यपुस्तकं, आगगाड्यांची वेळापत्रकं, जे येईल ते. चुकलेली वेलांटी पान हातात घेताच तिला खड्यासारखी टोचायची. नवरा शाळेत गणित शिकवायचा. निवृत्त झाला तरी सगळे त्याला मास्तरच म्हणत. दरवर्षी पक्ष्यांच्या स्थलांतराचा हंगाम आला की मास्तर तीन आठवड्यांसाठी बेटावर जायचे आणि ती घरी राहायची. "तुमच्या त्या चिखलात माझं काय पुरलंय?" असं म्हणून ती विषय मिटवायची.

फोटो काढायला मास्तरांसोबत त्यांचा जुना मित्र असायचा. उंच, काटकुळा, मान पुढे काढून चालणारा, म्हणून त्याला सगळे बगळ्या म्हणत. गेल्या वर्षी बगळ्या हंगाम अर्ध्यावर टाकून बेटावरून निघून गेला आणि यंदा येणार नाही म्हणून कळवून मोकळा झाला. गुडघे धरलेत म्हणाला. फोटो जोडल्याशिवाय सरकारी विभाग मोजणी घेत नव्हता. ते फोटो पुढे कुणी मोजत नसे, नुसते फायलीला लागत, पण लागत. मग मास्तरांनी तिला घरच्या गच्चीवर महिनाभर कॅमेरा शिकवला. पाण्याच्या टाकीवर बसणाऱ्या कावळ्यांचे तिने इतके फोटो काढले की लेक फोनवर म्हणाली, "आई, त्यांची स्थळं बघायला घेतलीस की काय?"

बेटावर राहायला एकच खोली होती. पत्र्याचं छप्पर, दोन खाटा, एक टेबल, गॅसची शेगडी, भिंतीला टांगलेलं भरती-ओहोटीचं कोष्टक. पिण्याचं पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून यायचं. आठ दिवसांनी तांडेल आपली होडी घेऊन यायचा, भरलेले कॅन उतरवायचा, रिकामे घेऊन जायचा. बाकी सगळीकडे वारा. बेटाभोवती मैलोन् मैल चिखल होता आणि उत्तरेला समुद्रात घुसलेला वाळूचा एक लांब दांडा. ओहोटीला पक्षी त्या चिखलभर पांगून चरायचे. भरती आली की चिखल बुडायचा आणि सगळ्यांना त्या दांड्यावर दाटीवाटीने उभं राहावं लागायचं. मोजायची वेळ तीच, अर्ध्या-पाऊण तासाची. मास्तर दुर्बिणीला डोळा लावून हातातल्या काउंटरचं बटण दाबत जायचे आणि ती दांड्याचे एकाला एक लागून फोटो घ्यायची.

ते फोटो मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळ सरता सरत नसे. आणलेली दोन पुस्तकं वाचून झाली होती, त्यांतल्या चुकाही काढून झाल्या होत्या. म्हणून तिने ठिपके द्यायला घेतले.

"अहो, आज वहीत किती लिहिलेत?" तिने विचारलं.

मास्तर ताटं घासत होते. "एकवीस हजार चारशे."

"माझ्याकडे सहा हजार तीनशे चाळीस भरतात."

घासणाऱ्या हाताचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "फोटोत सगळे येत नाहीत गं. पुढचा मागच्याला झाकतो. नवशिक्याचं असंच होतं."

तिला ते पटलं. तशी ती वाद घालणारी बाई होती, पण पटलं तर मानणारीही होती. झाकले जात असतील तर वरून काढू, असं म्हणून दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी ती कॅमेरा घेऊन जुन्या दीपस्तंभावर चढली. दिवा केव्हाच बंद पडला होता, कठडा गंजून गळून गेला होता, पण बेचाळीस पायऱ्या शाबूत होत्या. वरून सबंध दांडा कागदासारखा समोर पसरलेला दिसला. कुणी कुणाला झाकत नव्हतं. लांब चोचींचे पाणटिवळे वेगळे, बुटके चिखल्ये वेगळे. तिने पाच तुकड्यांत फोटो घेतले आणि संध्याकाळी ते दोनदा मोजले. दोन्ही वेळा सहा हजार एकशे बारा. मास्तरांच्या वहीत त्या दिवशी वीस हजार नऊशे होते.

मग तिने ती वही मागे उलटायला सुरुवात केली. मास्तर बाहेर दुर्बिणीच्या काचा पुसत बसले होते. पहिल्या वर्षापासूनचे मोठ्यात मोठे आकडे तिने एका कागदावर खाली खाली उतरवले. एकेचाळीस हजार दोनशे सात. अडतीस हजार नऊशे त्रेसष्ट. चौतीस हजार. एकोणतीस. चोवीस हजार चारशे सतरा. जिना उतरावा तसे पक्षी दरवर्षी उतरत आले होते. आणि गेली दोन वर्षं ते वीस हजारांच्या जरा वर येऊन थांबले होते. बावीस हजार शंभर. एकवीस हजार आठशे. आधीच्या आकड्यांना सात होते, तीन होते, एक होते. या दोन वर्षांच्या पानांवर प्रत्येक आकड्याच्या शेवटी दोन शून्यं.

बगळ्याचे गेल्या वर्षीचे फोटो त्याच लॅपटॉपवर होते. तिने एका भरतीचे फोटो उघडले. नऊ हजार दोनशे काही भरले. पुढे मोजायची तिला गरज वाटली नाही.

सकाळी चहा पुढ्यात ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही खोटं लिहिताय."

मास्तरांनी नाही म्हटलं नाही. कपाभोवती दोन्ही हात धरून ते बसून राहिले. चहावर साय धरली तरी ते तसेच.

"वीस हजारांची अट आहे," शेवटी ते म्हणाले. "लागोपाठ तीन वर्षं वीस हजारांच्या खाली गेलं की बेट संरक्षित यादीतून काढतात. यादीतून निघालं की शिंपल्या खरवडणाऱ्या बोटींना परवाना. लोखंडी दाते खाली सोडून अख्खा चिखल नांगरतात त्या. एक किडा उरत नाही. मग ही पाखरं उतरणार कुठे आणि खाणार काय?"

"आणि हे तिसरं वर्ष."

"हे तिसरं वर्ष."

"बगळ्याभाऊजींचे गुडघे?"

मास्तरांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. "गुडघे ठणठणीत आहेत त्याचे. त्याला कळलं. म्हणाला, मी फोटो काढतो, चित्रं काढत नाही."

"पण पक्षी गेले कुठे?"

"उशीर झालाय त्यांना. येतील."

"दोन वर्षं उशीर?"

"येतील म्हणतो ना!"

एकतीस वर्षांच्या संसारात मास्तर तिच्यावर कधी ओरडले नव्हते. दोघांनाही त्याची लाज वाटली. ती कप उचलून बाहेर गेली आणि विसळलेले कप पुन्हा विसळत राहिली.

विभागाच्या मॅडम वही आणि फोटो घ्यायला यायच्या होत्या, त्याला पाच दिवस होते. उधाणाच्या भरत्याही त्याच दिवसांत होत्या. मास्तर म्हणत होते की मागे राहिलेले थवे आता आले तर येतील. तिने आणखी काही विचारलं नाही. दोघं दिवसातली प्रत्येक भरती गाठू लागले. वाऱ्याने ओठ फुटले. दांड्यावर तीच सहा हजार पाखरं उभी असायची, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. आभाळात ठिपका दिसला की मास्तर उठून उभे राहायचे. ठिपका जवळ आला की तो पाणकावळा निघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी खरंच थवा आला. समुद्रावरून, पाण्याला पोट लागेल इतका खालून. तिने कॅमेरा लावला. तीनशेच्या आसपास पाणटिवळे होते. तिने पुस्तकात वाचलं होतं की हे पक्षी आठ-आठ दिवस न थांबता, न खाता, पाण्यावर न टेकता उडतात. दांड्यावर आले तसे काही नीट उतरले, काही पडले. पडलेले तिथेच पोटावर बसले. त्यांचे पंख मिटेनात. कॅमेऱ्याच्या भिंगातून तिला एकाची चोच अर्धवट उघडी दिसत होती. ती बटण दाबत राहिली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

पाणी उतरल्यावर दोघं दांड्यावर गेले. सात मेलेले होते. मास्तरांनी एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. वजन नव्हतंच. छातीवरून बोट फिरवलं तर मांस लागेना, हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं.

"अंग भरून निघायला हवा होता हा," मास्तर म्हणाले. "निघताना अंगावर दुप्पट चरबी असते. वाटेत कुठेतरी थांबून खातात, मग शेवटचा पल्ला. तिथे मिळालेलं नाही काही. वाटेतलं ताट कुणीतरी ओढून घेतलंय."

"हे तुम्ही कुणाला कळवलंत?"

"काय कळवू?" ते त्या पक्ष्याकडे बघत म्हणाले. "माझ्या कागदावर तर सगळे आहेत."

त्या संध्याकाळी मास्तरांनी सातही पक्षी काट्यावर तोलून तिला वजनं लिहून घ्यायला सांगितली, पण ते जेवले नाहीत. ती जेवली, कारण कुणीतरी धड राहायला हवं होतं.

मॅडम यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती धुणं वाळत घालून खोलीत आली तर मास्तर नव्हते. दुर्बीण नव्हती. टेबलावर चिठ्ठी होती. 'बाहेरच्या पट्टीवर बघून येतो. तिकडे असतील.'

बाहेरची पट्टी म्हणजे दीड-दोन किलोमीटरवरचा वाळूचा उंचवटा. फक्त मोठ्या ओहोटीला तो उघडा पडायचा. बेटाच्या आणि त्याच्या मध्ये नाळ, म्हणजे एक खोलगट चर होती आणि भरतीचं पाणी आधी त्या नाळेत शिरायचं. पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला समोर कोरडं दिसत राहायचं आणि पाठीमागची वाट बुडालेली असायची. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला हे दोनदा समजावलं होतं. तिने भिंतीवरच्या कोष्टकाकडे पाहिलं. ओहोटी सरून पंचवीस मिनिटं झाली होती.

ती दीपस्तंभावर धावली. कॅमेऱ्याच्या भिंगातून मास्तर दिसले, नखाएवढे. दुर्बिणीसमोर पाठमोरे बसलेले. नाळ चकाकू लागली होती. तिने घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. वारा समोरून होता, हाका तिच्याच तोंडावर परत येत होत्या. खाली येऊन तिने दोन रिकामे कॅन घेतले, दोरी घेतली आणि ती चिखलात उतरली.

चिखलातून धावता येत नाही. पाय ओढून काढावा लागतो. एक चप्पल आत राहिली, मग तिने दुसरीही सोडली. शिंपल्यांच्या कडांनी तळवे कापले. नाळेपाशी पोहोचली तेव्हा पाणी कमरेला लागलं आणि ते बाजूने ओढत होतं. मध्यावर ते छातीला लागलं. कॅन पोटाशी धरून, डोळे मिटून, देवाचं नाव घ्यायलाही न सुचता तिने ती नाळ ओलांडली.

मास्तरांनी मान वळवली नाही. दुर्बिणीला डोळा होता. मांडीवर काउंटर होता आणि त्यावर चार शून्यं होती.

"अहो, उठा."

"थांब जरा. भरती चढली की ते इकडेच ढकलले जातील. अजून थोडं."

"कोण ते?"

मास्तरांनी दुर्बिणीचं भिंग फिरवलं.

"इथे कुणी नाही. तुम्ही आहात आणि मी आहे. उठा."

"तू जा," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, बाजारातून काही आणायचं राहिलंय असं सांगावं तसा. "मला वाटलं होतं मी वेळ काढतोय. एक वर्ष, दोन वर्षं. तेवढ्यात येतील आणि आकडा खरा होईल. उद्या खरं लिहिलं तरी मी त्यांना मारलं आणि खोटं लिहिलं तरी मारलं. आभाळच फाटलंय गं, ठिगळ कुठे लावू? तू जा. माझं ऐक."

"एकतीस वर्षांत तुमचं कधी ऐकलं नाही, ते आज ऐकू?"

ते बसूनच राहिले. पट्टीच्या पुढच्या कडेला पाण्याची पहिली जीभ येऊन गेली. तिने त्यांचा दंड धरून ओढला. मास्तर उंचेपुरे, ती पाच फुटांची. काही झालं नाही. मग ती त्यांच्यासमोर ओल्या वाळूत बसली.

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली. "हे तरी आठवतंय ना तुम्हाला?"

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. छातीपर्यंत भिजलेलं लुगडं, अनवाणी, रक्ताळलेले पाय, शेजारी दोन कॅन. मग तिच्या मागे नाळेकडे पाहिलं. तिथे आता नाळ अशी राहिलीच नव्हती, पाणीच पाणी होतं. त्यांचा चेहरा झोपेतून उठलेल्या माणसासारखा झाला.

"अगं वेडे," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी कॅन तिच्या दोन्ही काखांखाली बांधले, दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. दुर्बीण तिथेच राहिली. नाळेत चार पावलांवर तिचे पाय सुटले. मास्तर पोहत होते, पण साठी उलटलेला माणूस आणि भरतीचं पाणी यांची काय बरोबरी. पाणी दोघांना बेटाच्या बाजूला न्यायचं सोडून आडवं ओढत होतं. एकदा मास्तर खाली गेले. दोरी ताठ झाली. ती कॅनला धरून मोठमोठ्याने एक, दोन, तीन मोजू लागली, का ते तिलाही कळलं नाही. अकराला ते वर आले, खोकत, ओकत. आणखी दोनदा तसंच झालं. मग कधीतरी तिच्या अंगठ्याला वाळू लागली.

पाण्याने त्यांना दांड्याच्या शेपटाशी आणून टाकलं होतं. दोघं गुडघ्यांवर रांगत वर आले. दांडा पक्ष्यांनी भरलेला होता. एरवी माणूस पाचशे पावलांवर दिसला तरी सगळा थवा उठायचा. आज ही दोन माणसं अगदी त्यांच्यात येऊन पडली तरी पाखरं उडाली नाहीत. जवळच्यांनी दोन पावलं बाजूला होऊन जागा दिली आणि पुन्हा चोची पिसांत घातल्या. उडायला लागणारी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मास्तर वाळूवर गाल टेकवून त्यांच्याकडे बघत होते आणि रडत होते. तिने त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलाच्या होडीतून मॅडम आल्या. चाळिशीच्या बाई. कॉलेजात असताना मास्तरांच्या हाताखाली पक्षी ओळखायला शिकलेल्या, अजूनही त्यांना सरच म्हणत. मास्तरांनी वही पुढे केली. यंदाच्या आकड्यांवर रेघ मारून त्यांनी शेजारी सहा हजार एकशे बारा लिहिलं होतं. गेल्या दोन वर्षांच्या पानांवरही तशाच रेघा होत्या. गेल्या वर्षाच्या रेघेशेजारी बगळ्याच्या फोटोंवरून आलेला आकडा, त्याआधीच्या वर्षापुढे 'फोटो तपासायचे आहेत' एवढंच. खाली सही.

मॅडमनी ते वाचलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. तांडेल बाहेर कॅन उतरवत होता.

"सर, दुसरा कागद लिहा. हा मी पाहिलाच नाही."

"तुला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचे आकडे इतकी वर्षं मीच टाइप करतेय. मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुम्हाला वाटलं तेच मला वाटलं. एक वर्ष मिळतंय तर मिळू दे." त्या खाटेवर बसल्या. "सर, हा कागद वर गेला की सहा महिन्यांत बोटी येतील. नक्की येतील, अर्ज पडलेत. नंतर तुम्ही कितीही खरं बोला."

"मला दुसरा कागद नको."

मॅडमनी वही मिटली. मग म्हणाल्या, "तुम्हाला मोकळं व्हायचंय, सर. भोगायचं मात्र पाखरांनी."

काल पट्टीवर मास्तर हेच तर म्हणत होते. तिने फक्त फोटोंची डिस्क मॅडमच्या पिशवीत ठेवली आणि त्यावर मेलेल्या सात पाणटिवळ्यांची वजनं लिहिलेला कागद ठेवला.

बोटी सहा महिन्यांत नाही, पाच महिन्यांत आल्या. बेट यादीतून निघालं. विभागाने मास्तरांना दोन ओळींचं पत्र पाठवलं की त्यांच्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर 'पक्षिमोजणीत घोटाळा' अशी बातमी आली. तिने ती वाचली, तीत शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, पण तिने पेन उचललं नाही. जावयाने फोन करून विचारलं, "खरं का हो हे?" मास्तर म्हणाले, "खरं आहे." त्यानंतर त्यांनी फोन घेणंच सोडलं. दिवसभर खिडकीशी बसायचे. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

आणि मग एका बाईचं पत्र आलं. हजारो मैलांवरच्या एका किनाऱ्यावरून. पक्षी वाटेत थांबून खातात ती जागा तिथली होती आणि ही बाईही तिथे बारा वर्षं मोजणी करत होती. मास्तरांनी पत्र बायकोला वाचायला सांगितलं.

बाईने लिहिलं होतं की तीन वर्षांपूर्वी त्यांच्या खाडीत भराव घालायला घेतला आणि पक्षी दिसेनासे झाले. त्यांनी तक्रार केली. सुनावणीत भराव घालणाऱ्यांनी मास्तरांच्या बेटाचा आकडा दाखवला. पक्षी मेलेले नाहीत, हे पाहा, त्या बेटावर वीस हजारांवर आहेत, म्हणजे वाट बदलून गेले. समितीने ते मान्य केलं. 'आम्हालाही तेच खरं वाटलं,' बाईने लिहिलं होतं. 'आम्हाला बरं वाटलं होतं, की निदान तुमच्याकडे आहेत.' भरावाचा दुसरा टप्पा अजून मंजूर व्हायचा होता. तुमचे खरे आकडे आणि जेवढे असतील तेवढे फोटो पाठवा, एवढीच तिची विनंती होती. एक शब्द रागाचा नव्हता.

"पुन्हा वाच," मास्तर म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. ते उठून न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. नळ सोडल्याचा आवाज आला. ती दाराबाहेर जमिनीवर बसून राहिली, तास झाला तरी उठली नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. म्हणाले, "बगळ्याला फोन लाव. माझा घेणार नाही तो."

बगळ्याने तिचा घेतला. दुसऱ्या दिवशी तो जुन्या फोटोंची डिस्क घेऊन दारात हजर. मास्तरांशी तो पहिले दोन दिवस बोलला नाही. "वहिनी, त्यांना सांगा, हा फोटो सकाळच्या भरतीचा आहे," असं त्यांच्या देखत म्हणायचा. मुद्रितं तपासतात तसं तिने दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पडताळायचं, फरक पडला तर तिसऱ्याने. तीन आठवडे लागले. मास्तरांनी आपल्या हाताने सोबतचं पत्र लिहिलं. कोणत्या वर्षी कोणता आकडा खोटा आणि तो कुणी लिहिला, हे त्यात पहिल्या ओळीतच होतं.

भरावाचा दुसरा टप्पा वर्षभरासाठी थांबवलाय, असं त्या बाईने पुढे कळवलं. फक्त थांबवलाय, रद्द नाही. पहिला टप्पा जिथे झाला तिथे आता गोदामं उभी आहेत.

पुढच्या हंगामात बेटावर उतरायला परवानगी नव्हती. तांडेल म्हणाला, लांबून दाखवतो, त्याला कोण अडवतंय. तिघं त्याच्या होडीत बसून गेले. दांड्याच्या अलीकडे शिंपल्यांच्या सहा बोटी चिखल खरवडत होत्या. पाणी मैलभर गढूळ होतं आणि डिझेलचा वास येत होता. भरती पूर्ण चढल्यावर दांड्यावर जे काही होतं त्याचे तिने फोटो घेतले. बगळ्याने आपल्या कॅमेऱ्याने वेगळे घेतले. मास्तर नव्या, साध्या दुर्बिणीतून मोजत होते. होडी हलत असल्याने त्यांना पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागत होती.

"तीन हजार आठशे एकोणनव्वद," ते शेवटी म्हणाले.

"मला पलीकडच्या टोकाला आणखी काही दिसतात," ती म्हणाली. "पुन्हा एकदा मोजा."

तांडेलाने इंजिन बंद केलं.